सस्पेन्सला टाकलेला रविवार

पाय मुरगळला, असं मी त्याला सांगितलं. मुरगळला नव्हता.

यवतेश्वरच्या घाटात एका वळणावरच्या कठड्यावर मी बसले होते. ऑगस्टमधला रविवार, सकाळचे पावणेसात. धुकं असं दाट की समोरचा अजिंक्यतारा रातोरात कुणी उचलून नेला असावा. वरून, कासच्या अंगानं, एक दूधवाला येत होता. मोटारसायकलला दोन्ही बाजूंना किटल्या, डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी. तीन महिने आम्ही याच घाटात एकमेकांना बघून मान हलवत होतो, नाव मात्र दोघांनाही माहीत नव्हतं. त्यानं गाडी थांबवली.

"काय झालं मॅडम? बसला का?"

"दमले" एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण तोंडातून निघालं, "पाय मुरगळला." वर पुरावा म्हणून डावा घोटा दोन्ही हातांनी धरला.

"बसा मागं, सोडतो खाली."

"नको नको, एवढं नाही. चालत जाईन."

तो गेला. मग मला उठावं लागलं, आणि उठल्यावर लंगडावंही लागलं, कारण पुढच्या वळणापर्यंत तो आरशातून बघू शकत होता. चव्वेचाळिसाव्या वर्षी, एका सहकारी बँकेत एकवीस वर्षं कॅशियरची खुर्ची सांभाळलेली बाई यवतेश्वरच्या घाटात खोटं लंगडतेय, हे दृश्य माझ्या मलाच बघवेना. तरी मी लंगडले.

त्या दिवशी आठ किलोमीटर पळायचं ठरलं होतं. दोन किलोमीटर सातशे मीटरला मी बसले.

*

पळायला सुरुवात केली ती जानेवारीत. कारण काही थोर नव्हतं. बँकेत लिफ्ट नाही आणि स्ट्राँगरूम वरच्या मजल्यावर. कॅशची पेटी घेऊन शिपायाच्या मागून जिना चढताना मला धाप लागायला लागली. पेटी शिपायाच्या हातात आणि धाप मला.

साताऱ्यात पळायचं म्हटलं की एक अडचण असते, शहरात सपाट जागा शोधावी लागते. एका बाजूला अजिंक्यतारा, दुसऱ्या बाजूला यवतेश्वरचा डोंगर, आणि मधल्या उतारावर सगळी वस्ती. आमचं घर समर्थ मंदिराच्या बाजूला. तिथून बोगद्याच्या दिशेनं निघायचं, बोगद्यात न शिरता कासचा रस्ता धरायचा, की घाट लागलाच. कासच्या तळ्याचं पाणी डोंगरावरून उताराच्या जोरावर शहरात येतं, पंप लागत नाही. उलट दिशेनं जाणाऱ्या माणसाची मात्र अशी काही सोय नाही.

शिवाय याच घाटात साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन होते, २०१२ पासून. २१ किलोमीटर ९७ मीटर. निम्मी शर्यत चढ, निम्मी उतार. दरवर्षी पावसाळ्याच्या शेवटाला सगळं शहर रस्त्याच्या कडेला उभं राहून टाळ्या वाजवतं. मीसुद्धा पाच-सहा वर्षं टाळ्याच वाजवत होते, तेही पोह्यांची प्लेट दुसऱ्याच्या हातात देऊन. त्यामुळे पळणं म्हणजे घाट, हे डोक्यात पक्कं बसलेलं.

पळायला शिकवलं सुभेदार काकांनी. मूळचे अपशिंग्याचे. त्या गावाला सगळे 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात ते काही उगाच नाही, घरटी कुणीतरी फौजेत. काका निवृत्त होऊन आता आमच्या गल्लीत राहतात आणि सकाळी साडेपाचला अशा चालीनं बाहेर पडतात की अजूनही कुणीतरी हजेरी घेणार आहे. मला पहिल्याच आठवड्यात जीव काढून पळताना बघून म्हणाले, "ताई, तेराचा पाढा येतो का?"

"येतो की."

"म्हणा. पळता पळता."

तेर सक अठ्ठ्याहत्तरला माझा श्वास संपला.

"मग तुम्ही फार जोरात पळताय. पाढा पूर्ण झाला पाहिजे. होत नसेल तर वेग कमी करा. तरी होत नसेल तर चाला." मोठमोठे प्रशिक्षकही हेच सांगतात हे मला नंतर कळलं, नवख्यानं बहुतेक पळणं बोलता येईल इतक्याच वेगानं करायचं. पण तेराच्या पाढ्याची मजा त्यात नाही. एप्रिलपर्यंत मी तिसासेपर्यंत पोचले. जूनमध्ये, पहिल्या पावसात, सपाटीवर सलग दहा किलोमीटर. जुलैमध्ये घाटात आठ. धाकट्या भावानं घड्याळ दिलं, त्यात आलेख चढता. मी वहीपण ठेवली. तारीख, अंतर, वेळ, शेरा. कॅशियरच्या हाताला वही लागतेच.

आणि मग तो रविवार.

तो नेमका कसा वाईट होता हे सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं दम लागला असेल. दम नव्हता लागला. पहिल्या चढालाच मांड्यांत कुणीतरी ओली वाळू भरल्यासारखं झालं. पाय उचलत होते, पण उचलणारी मी नव्हते. बूट डांबराला चिकटून सुटताना चपक चपक वाजत होते, आणि त्या आवाजाचा मला राग येत होता. धुक्याचं पाणी पापण्यांवर जमून गालांवर ओघळत होतं. कुणी बघितलं असतं तर बाई रडतेय म्हणाला असता. पाढा सुरू केला. तेर चोक बावन्न. तेर पंचे… आणि आकडा आठवेना. धाप लागून नव्हे, आठवेचना. एकवीस वर्षं नोटा मोजणाऱ्या बाईला तेर पंचे आठवेना. तिथे मी बसले.

घड्याळानं घरी गेल्यावर शेरा मारला: 'अनप्रॉडक्टिव्ह'. बँकेतल्या कुठल्याही साहेबानं मला आजवर इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितलेलं नाही.

*

खोटं एकदा बोललं की त्याचं व्याज चालू होतं.

घाट उतरून खाली आले तर चहाच्या गाड्यापाशी तीच मोटारसायकल उभी. दूधवाला पाठमोरा, चहा घेत होता. मी पुन्हा लंगडायला सुरुवात केली. तो वळला, "जपून जावा" म्हणाला. मी तोंड वेडंवाकडं करून हसले. त्याच चालीनं गल्लीत शिरले, कारण तोपर्यंत मला लंगडण्याची लय सापडली होती. (पळण्याची सापडली नव्हती, ही सापडली.) आणि आमच्या सासूबाई नेमक्या तुळशीपाशी.

"काय गं, पायाला काय झालं?"

"काही नाही आई, जरा मुरगळला."

"कुठला?"

"उजवा."

अर्ध्या तासात सहाणेवर आंबेहळद उगाळली गेली, तुरटीची पूड पडली, पळीत गरम झालं आणि माझ्या धडधाकट उजव्या घोट्यावर बोटभर जाडीचा लेप बसला. आईंचं वय एकोणऐंशी. गुडघे दुखतात, तरी खाली बसून लावला. लावताना फुंकर घालत होत्या. मला त्या क्षणी खरं सांगावंसं वाटलं, पण "तुम्ही एवढं उगाळलंत ते वाया गेलं" हे कुठल्या तोंडानं सांगणार? गप्प बसले.

आंबेहळदीचा रंग चार दिवस जात नाही. सोमवारी सँडल घालून काउंटरवर बसले तर पिवळा पाय सगळ्या बँकेनं बघितला. पेन्शन घ्यायला आलेल्या एका आजोबांनी "ह्या वयात कशाला पळायचं ते" असं म्हणून पासबुक पुढे केलं. शिपायानं पेटी वर नेताना मला जिना चढू दिला नाही. लोक प्रेमानं वागत होते आणि मी मनातून चरफडत होते. मुरगळलेल्या पायाला जग किती पटकन समजून घेतं! लेप देतं, खुर्ची देतं. पण "आज पळताच आलं नाही" असं म्हटलं की समोरचा विचारतो, "का?" आणि त्या 'का'चं उत्तर माझ्याकडे नव्हतं म्हणून तर मी घोटा धरला होता.

*

उत्तर मी शोधलं. आठवडाभर शोधलं. कॅशियरला फरक सापडल्याशिवाय झोप येत नाही, हा आमच्या धंद्यातला रोगच आहे.

बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगते. संध्याकाळी काउंटर बंद झाला की हातातली रोकड आणि पुस्तकातली शिल्लक जुळली पाहिजे. नोटांची मूल्यवार मोजणी, व्हाउचरं, स्क्रोल, सगळं. नाही जुळलं की फरक. फरक शोधायच्या काही जुन्या युक्त्या आहेत. फरकाला नऊनं पूर्ण भाग गेला तर बहुधा कुठेतरी दोन आकडे उलटे पडलेत. ७२० च्या जागी २७० लिहिले तर फरक ४५०, नऊ पन्नासे साडेचारशे. फरक सम असेल तर त्याच्या निम्म्या रकमेची नोंद शोधायची, ती जमेऐवजी नावे पडली असण्याची शक्यता. ही नऊची युक्ती पहिल्यांदा लागू पडते तेव्हा खरंच अंगावर काटा येतो. आकड्यांना विवेक असतो असं वाटतं.

मी रविवारचा फरक तसाच शोधायला बसले. वहीत उभी रेघ मारली.

शनिवारी कराडला नात्यातला साखरपुडा. बासुंदी. घरी यायला साडेअकरा, झोपायला बारा. म्हणजे झोप जेमतेम पाच तास. शुक्रवारी बँकेत उशीर. हे झालं एक.

मग हवा. घाम वाळतो तेव्हा अंग थंड होतं. धुक्यात हवा आधीच पाण्यानं भरलेली, त्यामुळे घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. शरीर तापत राहतं, आणि तेवढ्याच वेगाला हृदयाला जास्त ठोके मारावे लागतात. मला बिचारीला वाटलं होतं, गारवा आहे म्हणजे सोपं जाईल.

मग बायकांचं गणित, ज्याबद्दल सुभेदार काका बोलणार नाहीत आणि घड्याळ विचारल्याशिवाय सांगणार नाही. पाळीच्या आधीच्या दहा-बारा दिवसांत शरीराचं तापमान एरवीपेक्षा साधारण ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसनं वर असतं. माझी पाळी बुधवारी आली. म्हणजे रविवारी मी आतूनच जरा तापलेली होते, वर धुक्याची गोधडी.

मग आदल्या रविवारचा उतार. मी घाट फार जोशात उतरले होते. उतरताना मांडीचा स्नायू लांबत लांबत ब्रेक लावतो, आणि त्यानंच जास्त दुखतं, चढण्यानं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खुर्चीतून उठताना 'आई गं' म्हणायची वेळ येते. त्याला लोक लॅक्टिक ॲसिड साचलं म्हणतात, पण ते बिचारं पळून झाल्यावर तास-दीड तासात निघून गेलेलं असतं. दुखतं ते स्नायूच्या धाग्यांना झालेल्या बारीक इजेनं. माझ्या मांड्या मात्र बुधवारपर्यंत बऱ्या झाल्या होत्या. मग रविवारी त्यांचा काय संबंध?

तरी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी हिमोग्लोबिन बघितलं, लोहाचा साठाही बघितला, कारण हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा रिकामा असू शकतो. बायकांना १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात, माझं आलं १२.६. साठाही ठीक. डॉक्टर म्हणाले, "उत्तम आहे." मी इतकी निराश झाले की त्यांनी माझ्याकडे दोनदा बघितलं.

कारण मला रोग हवा होता. एक, ठसठशीत, नऊनं भाग जाणारा.

सगळी कारणं मांडल्यावर खरं दुखणं लक्षात आलं. जुलैमध्ये एका शुक्रवारी मी याहून कमी झोपले होते आणि शनिवारी घाटात मजेत आठ किलोमीटर पळाले होते. धुकं तेव्हाही होतं. जूनमधलं ते दहा किलोमीटर तर पाळीच्या दोन दिवस आधीचं. म्हणजे प्रत्येक आरोपीकडे 'मी तेव्हाही तिथेच होतो साहेब, तेव्हा काही झालं नाही' असा जबाब तयार. सगळे मिळून असतील? असतील. कुणाचा वाटा किती? ते कुठल्याच व्हाउचरवर नाही.

सुभेदार काकांना वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचली, एका ओळीशी जरा अडखळले आणि घाईनं पान उलटलं. मग म्हणाले, "फौजेत असं होतं. तीच तुकडी, तीच वाट, तेच सामान. एक दिवस गात जाते, एक दिवस शिव्या देत जाते."

"मग तुम्ही काय करायचा?"

"काय करणार? पोचायचो."

हे काही उत्तर नव्हे, असं मला तेव्हा वाटलं. अजूनही पूर्ण पटलेलं नाही. त्यांना पोचायचा हुकूम होता, मला कुणी सांगितलंय?

*

मधल्या बुधवारी घाट टाळून मी स्टेडियमवर गेले. पळायला नाही, चालायला. पाय अजून पिवळा होता आणि नाटक निभवायचं होतं. तिथे पहाटे पोलीस भरतीची पोरं-पोरी असतात. माण-खटावकडची, जावळीतली, खोल्या घेऊन राहणारी. मुलींना भरतीत ८०० मीटर पळावं लागतं, त्याला २० गुण. १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. एकूण पन्नास गुणांत कोण पुढे जाणार ते ठरतं, आणि एकेका गुणावर माणसं राहतात.

एका मुलीचं ८०० चुकलं. पहिला फेरा इतरांबरोबर होती, दुसऱ्यात वळणावरच तिचे खांदे वर आले, मान मागे गेली. ती शेवटची आली आणि रेघेपलीकडे जाऊन गवतात बसली. वीस-एकवीस वर्षांची असेल. बुटांचा तळवा अंगठ्याच्या जागी झिजून आतला पांढरा फोम दिसत होता. तिच्या मैत्रिणीनं काही न बोलता खाली बसून तिच्या नाड्या सैल केल्या. त्यांच्या सरांनी लांबूनच हाक दिली, "बसू नको गं, चालत राहा." ती उठली आणि चालायला लागली, रडत होती तशीच.

मला तिला सांगायचं होतं, अगं होतं असं, एखादा दिवस वाईट जातो. बरं झालं नाही सांगितलं. माझा वाईट दिवस म्हणजे घड्याळातला एक शेरा. तिचा वाईट दिवस नेमका भरतीच्या तारखेला आला तर पुढच्या जाहिरातीची वाट बघणं, आणि तोवर घरी कुणी थांबू देईलच असं नाही. "एका दिवसानं काय होतंय" हे वाक्य कुणी कुणाला म्हणायचं, याला हिशेब आहे. पंधरा मिनिटांनी तिनं पुन्हा रेघेवर पाय ठेवला. मी ते बघायला थांबले नाही, बँकेची वेळ झाली होती. पण गेटमधून निघताना शिट्टी ऐकू आली.

त्या दिवशी दुपारी काउंटरला गर्दी नव्हती, तेव्हा मी आमच्या जिल्ह्यातल्या ललिता बाबरचे आकडे काढून बघितले. माण तालुक्यातलं मोही तिचं गाव. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, अंतिम फेरी तिनं गाठली. ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत भारतीय खेळाडूला अंतिम फेरीत पोचायला १९८४ नंतर बत्तीस वर्षं लागली होती. १३ ऑगस्टला प्राथमिक फेरीत तिची वेळ ९ मिनिटं १९.७६ सेकंद, तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम. दोन दिवसांनी, १५ ऑगस्टला, अंतिम फेरीत ९ मिनिटं २२.७४. दहावी आली.

तीच बाई, तेच मैदान, तेच अडथळे, आयुष्यभराची तयारी, मध्ये दोन दिवस. फरक २.९८ सेकंद.

सवयीनं २९८ ला नऊनं भागून बघितलं. जात नाही.

*

आमचे पूर्वीचे हेड कॅशियर आठवले. मी नोकरीला लागून दीड-दोन वर्षं झाली असतील. एका संध्याकाळी माझ्या काउंटरला पाचशे रुपये जास्त निघाले. मी साडेआठपर्यंत शोधत होते. सगळी व्हाउचरं तीन वेळा. रडकुंडीला आले. ते आपली पिशवी उचलत म्हणाले, "पोरी, व्हाउचर कर. पाचशे रुपये सस्पेन्सला टाक. आणि एसटी पकड."

सस्पेन्स खातं म्हणजे जिथे कारण न कळलेले पैसे ठेवतात ते खातं. ते पैसे हरवलेले नसतात, कुणाच्या नावावरही नसतात. फक्त नोंद असते, अमुक तारखेला एवढे, कारण समजलं नाही. पुस्तक मात्र त्या दिवसापुरतं जुळतं आणि दिवस बंद करता येतो. दिवस बंद झाला नाही तर उद्याचा उघडता येत नाही. अकराव्या दिवशी एका मिठाईच्या दुकानातला पोऱ्या आला, त्याच्या भरण्यात पाचशेची नोट जास्त गेली होती. मिळालं उत्तर. तसंच दुसऱ्या एका वर्षीच्या दोनशे रुपयांना कधीच धनी मिळाला नाही. तेही राहिले तिथे.

हे आठवून बरं वाटलं आणि मी वहीत त्या रविवारपुढे 'सस्पेन्स' असं लिहिलं. लिहिताना वरच्या ओळींवर नजर गेली, आणि बरं वाटणं तिथेच थांबलं.

जून, दहा किलोमीटर: 'मस्त!!' जुलै, घाट, आठ किलोमीटर: 'भारी. जमतंय.' त्याखालचा: 'आज उडत होते.' एकाही ओळीपुढे कारण नाही. जूनच्या त्या सकाळी वारा पाठीशी होता. जुलैमध्ये आदल्या दिवशी सुट्टी होती, दुपारी तास-दीड तास झोपले होते. 'उडत होते'च्या दिवशी कसलीच चौकशी मी केली नव्हती. फरक जास्तीचा निघाला आणि मी तो खिशात घातला. कमी पडलं त्याची मात्र आठ दिवस झडती, डॉक्टरांपर्यंत.

बँकेत असं केलं असतं तर घरी बसवलं असतं. कॅश कमी आली तर कॅशियरनं भरायची, पण जास्त आली तरी ती कॅशियरची नसते, तिचीही नोंद करावी लागते. हा नियम मला एकवीस वर्षं पाठ आहे. 'उडत होते' या ओळीवर मी बराच वेळ बघत बसले. मग तिच्यापुढेही बारीक अक्षरात 'सस्पेन्स' लिहिलं. लिहिताना हात जड झाला हे कबूल करते. त्या दिवशी मी खरंच उडत होते.

आणि एक गोष्ट, जी काकांनी नाही तर माझ्याच वाचनानं सांगितली: नवख्याचं रक्त आणि हृदय काही आठवड्यांत पळण्याला सरावतं, पण हाडं आणि स्नायूबंध यायला कित्येक महिने घेतात. आतली माणसं वेगवेगळ्या चालीनं चढतायत. आलेख सरळ वर जायचा तर सगळ्यांनी एकाच पायरीवर असायला हवं, आणि आमच्या घरातली पाच माणसं तरी कधी एका वेळी जेवायला बसतात?

*

पुढच्या रविवारी घड्याळ घरी ठेवलं. घाट टाळावा असं वाटत होतं, तरी पाय तिकडेच वळले. अर्धं पळत, अर्धं चालत. तेराचा पाढा घेतला नाही; बाराचा घेतला, तो सोपा. त्या वळणावरच्या कठड्यापाशी पोचले तेव्हा धाप होती, पण वाळू नव्हती. का नव्हती, विचारलं नाही. धुकं फाटलं होतं आणि अजिंक्यतारा टॉवरसकट आपल्या जागी परत आलेला. कठड्यावर एक माकडीण पिल्लाला पोटाशी धरून बसली होती, त्यामुळे बसायचा प्रश्न नव्हता.

वरून किटल्यांचा आवाज आला. त्यानं गाडी बाजूला घेतली.

"बरा झाला का पाय?"

"झाला." मग मला राहवेना. "खरं सांगू का, पाय मुरगळला नव्हता. पळताच येत नव्हतं. उगाच बसले होते."

"ठाऊक हाय की."

"म्हणजे?"

"पाय मुरगळल्यालं माणूस आधी बूट काढतंय. तुमच्या तर नाड्या कशा घट्ट होत्या." त्यानं डोक्यावरची पिशवी नीट केली. "आणि वर डावा होता. खाली चहाच्या गाड्यापाशी आला तवा उजवा."

मी बघतच राहिले. "मग तेव्हाच बोलायचं ना!"

"काय बोलणार मॅडम? एवढं मन लावून लंगडत होता."

आणि किक मारून तो उताराला लागला.